पाणी भरपूर, तरी मोगरा कडेनं करपायलाय (पाडव्याच्या आसपासची बाग)

मोगरावाली लातूर | १८ मार्च, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. वाचत असते नेहमी, लिहायलेय पहिल्यांदाच.

गच्चीवर मोगऱ्याच्या सहा कुंड्या आहेत. त्यातली मोठी कुंडी सासूबाईंची. त्यांनी औशाहून, त्यांच्या माहेरून फांदी आणून लावली होती. बाकीच्या पाच तिच्याच लेकी. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते सगळ्यांना माहीत आहे. त्या उन्हाळ्यात आमच्या घरी माणसी एक बादली पाणी होतं आणि मोगऱ्याला फक्त तांदूळ-डाळ धुतलेलं, तेही दिवसाआड तांब्याभर. पानं गळून निव्वळ काड्या राहिल्या होत्या. पण मृगाचा पाऊस पडला आणि आठ दिवसांत बुडापासून फुटला.

आता घरचा बोअर आहे, पाणी आहे, रोज घालते, आणि झाड करपायलंय. पानाच्या टोकाला आधी तांबूस ठिपका दिसतो, मग तो तांबूसपणा कडेकडेनं खाली उतरतो. मधलं पान हिरवंच राहतं. कडेला बोट लावलं की पापडासारखी मोडते. कळ्या मुगाएवढ्या झाल्या की गळायल्यात. जानेवारीच्या शेवटी छाटणी केली, पानं ओरबाडली, पंधरा दिवस पाणी तोडलं, शेणखत घातलं, सगळं दरवर्षीसारखंच. औषधाच्या दुकानात पान दाखवलं तर बुरशी म्हणाले, पावडर दिली. दोनदा फवारली, काही उतार नाही.

सासूबाई रोज संध्याकाळी वर येऊन कुंडीजवळ बसतात आणि काही बोलत नाहीत. कुणाला कळत असेल तर सांगा.

बालाघाट | १८ मार्च, रात्री १०:१५

ताई, मी अंबाजोगाईची. कोळी तर नाही ना? उन्हं तापली की लाल कोळी, ती बारीक कीड, येतेच. पानाखाली पांढरा कागद धरून पान झटकून बघा, मिरीच्या भुकटीसारखे ठिपके चालायला लागले तर कोळी. पण कोळ्यानं पान सगळीकडून फिक्कट, ठिपकेदार होतं, नुसतं कडेनं नाही.

परसदार परभणी | १९ मार्च, सकाळी ६:२०

बाई, औषधं थांबवा आधी. बुरशीचा डाग पानावर कुठंही पडतो, गोल पडतो, त्याला पिवळं वलय असतं. टोकापासून सुरू होऊन कडेनं सगळ्या पानांवर सारखा चालला असेल तर दुखणं मुळाशी आहे. तीन गोष्टी सांगा.

पाणी नेमकं कुठलं घालता? कुंडीच्या काठाला, बाहेरून, पांढरी पोपडी धरलीय का? आणि कुंड्या उघड्यावर आहेत का आडोशाला?

मोगरावाली लातूर | १९ मार्च, दुपारी २:०५

काका, आत्ता वर जाऊन बघून आले. कोळी नाही, कागदावर काही चाललं नाही.

पोपडी आहे. मातीच्या कुंड्या आहेत, बाहेरून खालच्या अर्ध्या भागाला पांढरं धरलंय, नखानं खरवडलं तर भुकटी निघते. मातीवरही काठाशी तसाच थर आहे. मला वाटायचं कुंडी जुनी झाली की असं होतं.

कुंड्या मागच्या मे महिन्यापासून पत्र्याच्या शेडखाली आहेत. वैशाखाचं ऊन लागू नये म्हणून आत घेतल्या, त्या तिथंच राहिल्या.

आणि पाणी म्हणाल तर बोअरचंच. पण सकाळी कूलरची टाकी रिकामी करते ना, ते पाणी मी मोगऱ्यालाच घालते. मागचा सगळा उन्हाळा घातलं आणि यंदा होळीपासून पुन्हा कूलर सुरू झाला. २०१६ पासून आमच्या घरात पाणी फेकून देण्याची कुणाची हिंमतच होत नाही. बादलीभर पाणी मोरीत ओतताना हात थरथरतो.

मोसंबीचं रान | १९ मार्च, संध्याकाळी ७:३०

ताई, सापडलं. तुमच्या मोगऱ्याला मिठाचा त्रास झालाय. मी जालन्याकडचा, आमची मोसंबी आहे. मोसंबी खाऱ्या पाण्याला लगेच तोंड वाकडं करते, त्यामुळं हे करपलेलं पान आम्ही डोळे झाकून ओळखतो.

कूलरचा हिशेब मांडून बघा. टाकीत समजा ४० लिटर पाणी मावतं. दिवसभरात ८० लिटर वाफ होऊन घरात गेलं आणि फ्लोटच्या नळीतून तेवढंच नवीन भरत गेलं. वाफेबरोबर फक्त पाणी जातं, क्षार मागं राहतात. म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ४० लिटरात १२० लिटर पाण्याचे क्षार आहेत, बोअरच्या तिप्पट. टाकी दोन दिवस न धुता चालली तर पाचपट. कूलरच्या जाळीवरचं गवत दोन महिन्यांत पांढरं, कडक होतं ते कशानं? तेच तुम्ही कुंडीत ओतताय.

आता शेडची गोष्ट. उघड्यावरच्या कुंडीला जून ते सप्टेंबर पाऊस धुऊन काढतो, वर्षभराचे क्षार बुडाच्या भोकातून निघून जातात. पत्र्याखाली तो पाऊस लागलाच नाही. वर्षभर साठत गेलं. पाणी वर चढून उडून जातं तसे क्षार मातीच्या वरच्या दोन बोटांत येऊन बसतात, म्हणून काठाशी पोपडी.

माती खारट झाली की मुळांना पाणी ओढता येत नाही. कुंडी ओली असते आणि झाड तहानलेलं. तुम्हाला पान सुकलेलं दिसतं, तुम्ही आणखी पाणी घालता, तेही त्याच टाकीतलं. २०१६ ला पाणी थोडं होतं, पण डाळ-तांदळाचं धुवण म्हणजे पिण्याचं गोड पाणी. आणि कुंडी तेव्हा पावसात होती. म्हणून जगला.

मोगरावाली लातूर | १९ मार्च, रात्री ८:१०

वाचून हातपाय गळाले. काटकसर म्हणून जे करत होते त्यानंच झाड मारत होते मी. आता काय करू? सासूबाईंना सांगितलं, त्या म्हणाल्या, "चुकून केलंस, मुद्दाम नाही. विचार त्यांना उपाय काय."

परसदार परभणी | २० मार्च, सकाळी ६:०५

उपाय आहे आणि वेळही गेलेली नाही. एकच ध्यानात ठेवा, आत्ता कुंडी बदलायची नाही. आपल्याकडं मार्चमध्येच पारा ३८-३९ ला जातो, मुळं हलवली तर झाड त्यातून उठत नाही. कुंडी बदलायची ती मृग बरसल्यावर.

आधी वरची दोन बोटं माती खुरप्यानं हलक्या हातानं काढून टाका, मुळं न दुखवता. ती माती बागेत कुठंही टाकू नका. बुडाचं भोक मोकळं आहे का बघा, तारेनं उकरा. मग उन्हं कलल्यावर गोड पाणी सावकाश, झारीनं, थांबून थांबून ओतायचं, खालून पाणी वाहू द्यायचं. कुंडीत जेवढी माती आहे त्याच्या दुप्पट पाणी जायला पाहिजे. १४ इंची कुंडीत २० लिटरच्या आसपास माती बसते, म्हणजे ४० लिटर. एकदम ओतलं तर कडेकडेनं निघून जातं आणि मधली माती तशीच खारट राहते.

त्यानंतर काढलेल्या मातीच्या जागी चाळलेलं जुनं शेणखत आणि वर सोयाबीनची गुळी किंवा तुरीचं भुसकट, चार बोटं. खत म्हणून दुसरं काही नको. रासायनिक खतंही क्षारच असतात. नवी फूट दिसेपर्यंत उपास.

करपलेली पानं पुन्हा हिरवी होत नाहीत. तोडू नका, खोडाला सावली देतात. नवी पानं कशी येतात तेवढंच बघत राहा.

मोगरावाली लातूर | २० मार्च, सकाळी ११:४०

काका, सहा कुंड्यांना २४० लिटर गोड पाणी. लातुरात. नळ आठवड्यातून एकदा येतो आमच्याकडं.

कोरडवाहू नांदेड | २० मार्च, दुपारी १२:१०

एसीचं पाणी धरा ताई, त्यात क्षार नसतात. कुणाच्या दुकानाला, दवाखान्याला एसी असेल तर नळीखाली बादली ठेवायला सांगा.

मोसंबीचं रान | २० मार्च, दुपारी १:००

एसीचं पाणी चांगलंच. पण ते हवेतल्या दमटपणातून येतं आणि चैत्रात आपल्या हवेत दमटपणा असतोच किती. पावसाळ्यात बादली भरेल, आत्ता तांब्या भरला तरी खूप.

ताई, सहाही एकदम धुवायची गरज नाही. तुमच्या नळाला मांजरा धरणाचं पाणी येतं. धरणाचं पाणी बोअरपेक्षा पुष्कळ हलकं, म्हणजे कमी क्षारांचं असतं. नळ येईल त्या दिवशी एक ड्रम मोगऱ्याच्या नावानं भरा. या आठवड्यात मोठी कुंडी आणि दुसरी एक, पुढच्या आठवड्यात पुढच्या दोन. जिची पानं जास्त जळाली ती आधी. धुतलेलं पाणी बोगनवेलीच्या किंवा कण्हेरीच्या बुडाशी जाऊ द्या, ती दोन्ही झाडं खारटपणा बरंच सोसतात. कूलरचंही पाणी तिकडंच किंवा अंगण-जिना धुवायला. म्हणजे फेकून दिल्याची रुखरुख राहणार नाही.

नाथसागर | २० मार्च, रात्री ९:२५

मी संभाजीनगरचा. गेली दहा वर्षं कूलरचं पाणी बागेला घालतोय, जास्वंद, कढीपत्ता, गुलाब सगळं उत्तम आहे. उगाच भीती घालू नये असं माझं प्रामाणिक मत.

मोसंबीचं रान | २१ मार्च, सकाळी ७:४५

भीती घालत नाही दादा. तुमच्याकडं नळाला जायकवाडीचं पाणी असेल, ते मुळातच हलकं. टाकी रोज रिकामी करत असाल. बाग जमिनीत असेल आणि पाऊस लागत असेल. यातलं काय काय खरं आहे सांगा.

नाथसागर | २१ मार्च, सकाळी ९:१०

तिन्ही खरं आहे. जायकवाडीचंच पाणी आणि बाग जमिनीत. हा फरक लक्षात घेतला नव्हता. मात्र गेल्या वर्षी जिन्यातल्या दोन कुंड्या मेल्या होत्या, त्यांनाही तेच पाणी होतं आणि वर छत होतं. आता उलगडा झाला.

माहेर हिंगोली | २१ मार्च, दुपारी ३:३०

आर.ओ. चं वाया जाणारं पाणी चालतं का? आमच्याकडं पुण्यात सगळे घालतात. आईकडं हिंगोलीला बोअरवर आर.ओ. बसवलाय, तीही तुळशीला घालायला लागलीय.

मोसंबीचं रान | २१ मार्च, संध्याकाळी ६:५०

तेच गणित. चाळणीतून गोड पाणी पिण्याला गेलं, क्षार बाहेरच्या नळीतून आले. धरणाच्या पाण्यावरचा आर.ओ. असेल तर निम्मं साधं पाणी मिसळून कधीमधी चालेल. बोअरवरच्या आर.ओ. चं पाणी कुंडीला अजिबात नको. आईंना सांगा, तुळस वाचवा. फरशी पुसायला, संडासात टाकायला वापरा.

माहेर हिंगोली | २१ मार्च, रात्री ९:००

सांगितलं. आणखी एक. आईच्या लिंबाची नवी पानं पिवळी येतायत, शिरा मात्र हिरव्यागार. जुनी पानं चांगली आहेत. पुण्यातल्या आमच्या रोपवाटिकेत "नत्र कमी" म्हणाले.

परसदार परभणी | २२ मार्च, सकाळी ६:१०

नत्र कमी असेल तर जुनी पानं आधी पिवळी होतात. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, म्हणजे लोह कमी पडतंय. आपल्या काळ्या मातीत लोह नाही असं नाही, पण चुनखडी इतकी की लोह बांधलं जातं, झाडाच्या तोंडी लागत नाही. त्यात बोअरचं जड पाणी. म्हणून मुळाशी हिराकस (फेरस सल्फेट) टाकून फार उपयोग होत नाही, पानावर द्यावा लागतो. लिटरभर गोड पाण्यात ५ ग्रॅम हिराकस, १ ग्रॅम लिंबूसत्त्व. ऊन उतरल्यावर बारीक फवारायचं. दहा-बारा दिवसांनी परत एकदा. भिंतीवर, फरशीवर उडू देऊ नका, तांबडे डाग जात नाहीत. आणि बुडाशी दरवर्षी शेणखत भरपूर. माती जेवढी भुसभुशीत आणि काळीशार कुजकी, तेवढं लोह मोकळं राहतं.

गल्ली नंबर तीन | २४ मार्च, रात्री ११:०५

मी विद्यार्थी आहे, संभाजीनगरला खोली करून राहतो. गाव भूमजवळ. खोली तिसऱ्या मजल्यावर, पुढं चार फूट गच्ची आहे, तिथं घरून आणलेलं बी लावलंय. दोडका, भेंडी आणि दोन टोमॅटो. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात लावलं. वेल दोरीवर वर गेलाय, फुलं रोज येतात आणि रोज गळतात. एकही दोडका धरला नाही. टोमॅटोचीही फुलं गळतायत. भेंडीच्या एका झाडाची पानं पिवळ्या जाळीसारखी झालीत. आईला विचारलं तर ती म्हणते शेतात आपोआप धरतं.

बालाघाट | २५ मार्च, सकाळी ८:३०

बाळा, भेंडीचं ते झाड आजच उपटून जाळून टाक. त्या रोगाला केवडा म्हणतात. पांढरी माशी एका झाडावरून दुसऱ्यावर नेते, औषधानं ते झाड बरं होत नाही. बाकीच्या झाडांवर निंबोळी तेल, लिटरला ५ मिली, चार थेंब साबण, संध्याकाळी, पानाच्या खालून. पिवळ्या पुठ्ठ्याला एरंडेल लावून टांगलास तर माशी चिकटते.

टोमॅटोचा नाद आता सोड. दिवसा ३५ च्या वर गेलं की त्याचे पराग वांझ होतात, कितीही जपलंस तरी फूल गळणार. तो आपल्याकडं थंडीचा. त्या जागी गवार लाव, तिला हे ऊन मानवतं.

दोडक्याचं काका सांगतील, त्यांचा हातखंडा आहे.

परसदार परभणी | २५ मार्च, सकाळी ९:१५

आई म्हणते ते बरोबर. शेतात आपोआप धरतं कारण तिथं मधमाशी आणि पतंग आहेत. तिसऱ्या मजल्यावर कोण येणार. तुलाच माशी व्हावं लागेल.

आधी सांग, तू फुलं बघतोस ती सकाळी का संध्याकाळी? काकडी-कारलं सकाळी उमलतं. दोडका मात्र संध्याकाळी, साडेपाच-सहानंतर. सकाळी तुला दिसतं ते उमलून गेलेलं फूल. दुधीचं पांढरं फूलही असंच तिन्हीसांजेचं.

उद्या संध्याकाळी वेलापाशी जा. घोसात येतात ती नर फुलं, देठ सरळसोट. मादी फूल एकटं असतं आणि त्याच्या मागं बोटाच्या पेराएवढा दोडका आधीच असतो, शिरांसकट. सुरुवातीला पंधरा-वीस दिवस नुसती नर फुलं येतात, मग मादी, त्यामुळं आधीची गळाली त्याचं दुःख करू नकोस. ताजं उमललेलं नर फूल तोड, पाकळ्या मागं मुडप, मधली पिवळी भुकटी मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकव, दोन-तीनदा. एका नर फुलात दोन मादी फुलं होतात. तीन दिवसांत मागचा दोडका जाड दिसायला लागला तर धरला. पिवळा पडून वाकला तर नाही धरला.

भेंडीचं बी घरचं आहे म्हणतोस, वाण माहीत आहे का? आमच्या परभणीच्या कृषी विद्यापीठानं काढलेली परभणी क्रांती रानभेंडीच्या संकरातून केवडा सोसायला म्हणूनच तयार केली होती. आता पूर्वीइतकी कणखर राहिली नाही असं माझं निरीक्षण, पण सरळ वाण आहे, बी घरचं धरता येतं.

गल्ली नंबर तीन | २६ मार्च, रात्री ८:४०

काका, पावणेसहाला जाऊन बसलो. सहापर्यंत कळी मिटलेली होती. मग एक पाकळी सुटली, नंतर बघता बघता पाचही. फिकट पिवळी, ओल्या कागदासारखी चुरगळलेली, आणि वासही आहे! इतके दिवस सकाळी कॉलेजला जाताना बघत होतो. मादी फुलं दोनच होती. दोन्हीला लावलं. हात थरथरत होता.

गल्ली नंबर तीन | ३० मार्च, संध्याकाळी ७:१०

एक वाकला. एक धरला. करंगळीएवढा होता, आता मधल्या बोटापेक्षा लांब झालाय. आईला व्हिडिओवर दाखवला.

कोरडवाहू नांदेड | १ एप्रिल, सकाळी १०:००

पाडवा झाला, आता दुपारी बारानंतर गच्चीवर पाय ठेववत नाही. आठ दिवस गावाला जायचंय. शेजारी पाणी घालतील अशी खात्री नाही. ठिबक बसवण्याइतके पैसे नाहीत. काय करता तुम्ही लोक?

परसदार परभणी | १ एप्रिल, दुपारी ४:३०

माठ पुरा. आमच्या माळवदावरच्या घरी आजी करायची, मी अजून करतो. दोडका-कारल्याच्या प्रत्येक आळ्यात एक.

माठ नवा आणि साध्या भाजलेल्या लाल मातीचा पाहिजे, आतून-बाहेरून रंग न लावलेला. जुना घेऊ नका, त्याची भोकं क्षारांनी बुजलेली असतात. तपासायचं असेल तर भरून रात्रभर ठेवा, सकाळी बाहेरून गार आणि ओला लागला तर कामाचा. आळ्यात मधोमध खड्डा करून गळ्यापर्यंत पुरायचा, भोवती शेणखत-मातीचं मिश्रण दाबायचं, पोकळी राहू द्यायची नाही. तोंडावर झाकणी आणि तिच्यावर दगड, नाहीतर डास होतात आणि पाखरं पाणी प्यायला पडतात. बी किंवा रोप माठापासून वीतभर अंतरावर.

माती कोरडी झाली की ती माठातून पाणी ओढून घेते, ओली असली की ओढत नाही. आठ-दहा लिटरचा माठ मला चैत्रात चार दिवस पुरतो, तोंडापर्यंत भुसकट घातलं तर पाच. तुम्हाला आठ दिवस पाहिजेत, तर जाताना आळंही भरपूर भिजवा आणि कुंड्या एकमेकीला चिकटवून सावलीत ठेवा. कुंडी लहान असेल तर छोटं मडकं किंवा रंग न लावलेलं बोळकं चालतं.

हंगाम संपला की काढून काथ्यानं घासा, उन्हात वाळवा. बोअरच्या पाण्यावर दोन, फार तर तीन उन्हाळे टिकतो.

बालाघाट | १ एप्रिल, रात्री ९:४५

आणि निघायच्या आधी हिरवी जाळी बांधा, ५० टक्के सावलीची, पश्चिमेच्या बाजूला आडवी. आपल्याकडं सगळे फक्त डोक्यावर बांधतात, पण झाड भाजतं ते दुपारी तीन ते पाचच्या तिरप्या उन्हानं आणि तापलेल्या भिंतीनं. बांधताना गाठी पक्क्या मारा. २०१४ च्या गारपिटीत आमची जाळी गारांच्या ओझ्यानं खाली आली आणि तिच्याखालीच रोपं चिरडली. तेव्हापासून मी दोन बाजू सुटसुटीत ठेवते, अवकाळीचं आभाळ आलं की ओढून काढते.

मोगरावाली लातूर | ९ एप्रिल, सकाळी ७:२०

सहापैकी चार कुंड्या धुऊन झाल्या. नळाच्या दिवशी आमच्या घरात आता मोगऱ्याचा ड्रम पहिला भरतो. पहिली दहा लिटर गेली तेव्हा खालून आलेलं पाणी चहासारखं गडद होतं, जिभेला लावून बघितलं तर खारट. चाळीस लिटरला जवळजवळ बेचव झालं.

मोठ्या कुंडीला अजून काही नाही. दुसऱ्या कुंडीला बुडातून दोन कोंब आलेत, गव्हाच्या अंकुराएवढे. वाट बघते. एसीचं सांगितलं होतं तेही केलं. समोरच्या दवाखान्यातून दिवसाला जेमतेम तांब्याभर आलं. ते तुळशीला घालते.

मोसंबीचं रान | ९ एप्रिल, दुपारी १:१५

तांब्याभर का होईना, उत्तम पाणी आहे. कोंब बुडातून आले म्हणजे मूळ जिवंत आहे. मोठ्या कुंडीला वेळ लागणार, तिच्यात जास्त साठलं होतं. बोट दोन पेरं मातीत घालून कोरडं लागल्याशिवाय पाणी नको.

मोगरावाली लातूर | ११ मे, सकाळी ६:४५

काल ४२ होतं. तरी लिहितेच.

मोठ्या कुंडीला एप्रिलच्या शेवटी फूट आली. नवी पानं टोकापर्यंत हिरवी आहेत, मी रोज टोकच बघते. काल संध्याकाळी सासूबाईंनी मला हाक मारून वर बोलावलं. एका फांदीला तीन कळ्या, मधली टपोरी, दोन बाजूच्या बारीक. मधल्या कळीच्या टोकाची पांढरी पाकळी किंचित सैल झाली होती. आम्ही दोघी काळोख पडेपर्यंत बसलो. बाकीच्या कुंड्यांची मिळून सकाळी अकरा फुलं निघाली. दोन माठात टाकली, बाकी देवाला. मधल्या कळीला हात लावला नाही.

काका, कूलरचं पाणी आता खालच्या कण्हेरीला जातं. तिला काही झालेलं नाही.

परसदार परभणी | ११ मे, सकाळी ७:३०

वाचून फार बरं वाटलं. पत्र्याखालून कुंड्या जूनमध्ये बाहेर काढायला विसरू नका, चार पाऊस अंगावर पडू द्या.

१८ मे ला विद्यापीठाच्या वर्धापनदिनाचा मेळावा आहे, बियाणं घ्यायला जाणार आहे. पोरा, तुझ्यासाठी भेंडीचं बी आणू का?

गल्ली नंबर तीन | ११ मे, सकाळी ९:०५

आणा काका! दोडके सात झाले आतापर्यंत. एक वेलावरच वाळायला ठेवलाय, त्याचं बी तुम्हाला देतो.

मोगरावाली लातूर | ११ मे, सकाळी ९:३०

मृग पडला की मी फांद्या लावणार आहे. सासूबाई म्हणाल्या, औशाच्या मोगऱ्याची एक परभणीला द्यायची आणि एक जालन्याला. दोन्ही फांद्यांनी मुळं धरली की कळवते, न्यायला कुणीतरी या.